‘कन्व्हर्ट’ झालात का?

सिंगापुरात नवीन आलेल्या मराठी कुटुंबाच्या कानावर एक इंग्रजी क्रियापद पहिल्या वर्षातच पडते: कन्व्हर्ट. डॉलरचे रुपये कन्व्हर्ट करायचे. भारतातले ड्रायव्हिंग लायसन्स इथे १२ महिनेच चालते, म्हणून बेसिक थिअरीची परीक्षा देऊन तेही कन्व्हर्ट करायचे. पुढे पी.आर. होऊन काही वर्षे झाली की जेवणाच्या पंगतीत विचारणा होते, “मग, कन्व्हर्ट झालात का?” म्हणजे निळे ओळखपत्र जाऊन गुलाबी आले का, नागरिक झालात का?

हा प्रश्न आपल्या कानाला खटकतो, आणि त्याला कारण आहे. ‘कन्व्हर्ट’ला कर्म जोडले की एका वस्तूचे दुसरीत रूपांतर होते: पैशाचे, लायसन्सचे, पौंडाचे किलोत. पण माणसाने नुसते ‘आय कन्व्हर्टेड’ म्हटले, तर इंग्रजीत पहिला अर्थ धर्मांतराचा. इथे रोजच्या बोलण्यात दुसरा अर्थ रुळला आहे, त्यामुळे शेजाऱ्याला कळते. लंडनचा पाहुणा मात्र विचारील, “कोणत्या धर्मात?” पुण्याला फोनवर हे वाक्य ऐकून आई-बाबाही दचकतील! सरळ ‘आय बिकेम अ सिटिझन’ म्हणावे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दिलेले रुपये पुन्हा डॉलर करता येतात. नागरिकत्वाचे तसे नाही. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते, आणि पासपोर्ट परत करावा लागतो. सिंगापूरलाही दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. इथल्या शपथेच्या नावातच आधी त्याग येतो, मग निष्ठा. २००५ साली आलेल्या ओ.सी.आय. योजनेच्या नावात ‘सिटिझन’ आहे खरे, पण त्या कार्डावर भारतात मतदान करता येत नाही. गावाकडची शेतजमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही.

म्हणजे इथे क्रियापदे दोन लागतात: सोडणे आणि घेणे. ‘कन्व्हर्ट’मध्ये पहिले दिसतच नाही. १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर केले, तेव्हा २२ प्रतिज्ञांत काय सोडले आणि काय स्वीकारले, हे दोन्ही मोठ्याने उच्चारले होते. निर्णय मोठा असला की तो पुरा बोलावा लागतो.

आमच्यापैकी बऱ्याच घरांत आज एक कार्ड गुलाबी आणि एक निळे आहे. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी निर्णय घेतला, कोणी आई-वडिलांसाठी थांबले. दोन्ही बाजूंना आदराने बघावे असे आम्हाला वाटते. मात्र फॉर्म भरण्याआधी घरात बसून, मुलांनाही सोबत घेऊन, मराठीत दोन प्रश्न विचारावेत: आपण काय घेतो आहोत? आणि काय सोडतो आहोत? दुसऱ्या प्रश्नाला जरा जास्त वेळ द्यावा.