खिशातलं कार्ड की हातातला फोन?



दिवाळीच्या फराळाची ऑर्डर असो, गणपतीची वर्गणी असो की टेक्का मार्केटमधली भाजी, "पे-नाऊ करू का?" हे वाक्य आता आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलंय. त्यावर भारतातून आलेल्या आई-बाबांचा प्रश्न ठरलेला: "अरे, हे फोनचं सुरक्षित असतं का? त्यापेक्षा कार्ड बरं नाही का?" मी संगणकाच्या धंद्यात असल्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढू.

मुळात घोळ असा की "फोनने पैसे देणे" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे फोनमधलं पाकीट. ॲपल पे वगैरे मंडळी सिंगापूरात २०१६ साली आली. यात पैसे जातात ते तुमच्या कार्डावरूनच, पण दुकानदाराला कार्डाचा खरा नंबर मिळत नाही. फोनला त्याचा स्वतःचा वेगळा नंबर दिलेला असतो (याला टोकन म्हणतात) आणि प्रत्येक व्यवहाराला एकदाच चालणारा संकेत तयार होतो. दुकानाचा डेटा उद्या चोरीला गेला तरी चोराच्या हाती लागलेला नंबर त्याच्या उपयोगाचा नाही. शिवाय बोटाचा ठसा किंवा चेहरा लागतोच. म्हणजे हा प्रकार प्लास्टिकच्या कार्डापेक्षा सुरक्षित आहे, हे मी बिनदिक्कत सांगतो. एमआरटीत शिरताना फोन आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवलं तर यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डं का समजतं, त्याचं कारणही हेच!

दुसरी गोष्ट म्हणजे पे-नाऊ. ही जुलै २०१७ मध्ये सुरू झाली. इथे कार्डाचा संबंधच नाही. मोबाईल नंबर किंवा क्यूआर कोडवरून समोरच्याचं खातं सापडतं आणि तुमच्या बचत खात्यातले पैसे काही क्षणांत तिकडे जमा होतात. सोय अप्रतिम, फी नाही. पण खरी मेख इथेच आहे.

क्रेडिट कार्डावर जे पैसे जातात ते आधी बँकेचे असतात, तुमचे नंतर. बिल यायला वेळ असतो. व्यवहार चुकीचा असेल, माल आलाच नसेल, तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागायची रीतसर पद्धत आहे. कार्ड हरवलं आणि तुम्ही लगेच कळवलं, तुमचा निष्काळजीपणा नसेल, तर इथल्या बँकांच्या नियमाप्रमाणे तुमच्यावर जास्तीत जास्त १०० डॉलरचा बोजा येतो. पे-नाऊला असं काही नाही. तुम्ही स्वतः बटण दाबलंत की पैसे गेले. ते परत द्यायचे की नाही हे बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या मर्जीवर, आणि घेणारा चोर असेल तर विषयच संपला.

हे नुसतं पुस्तकी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस आले. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ते फोनवर बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच रांगेत दिसत होते. लिंकवर जाऊन लोकांनी माहिती भरली आणि जवळजवळ ७९० ग्राहकांचे मिळून सुमारे १.३७ कोटी डॉलर गेले. त्यात चांगले शिकलेसवरलेले लोक होते. पुढे बँकेने सर्वांना भरपाई दिली, पण ती सद्भावना म्हणून, ग्राहकांचा हक्क म्हणून नव्हे. त्यानंतर बँकांनी एसएमएसमधल्या लिंक बंद केल्या आणि नव्या फोनवर टोकन सुरू व्हायला किमान बारा तासांची वाट ठेवली. ही वाट कितीही वैतागवाणी वाटली तरी तिला नावं ठेवू नका.

१६ डिसेंबर २०२४ पासून इथे जबाबदारी वाटून घेण्याची चौकट लागू झाली. बँकेने आपलं काम केलं नसेल तर नुकसान बँकेने सोसायचं, नाहीतर टेलिफोन कंपनीने. पण ती फक्त खोट्या वेबसाइटवर माहिती चोरीला गेली तरच. गोड बोलून, घाबरवून किंवा दामदुपटीचं आमिष दाखवून तुमच्याच हाताने पैसे पाठवायला लावले असतील, तर ही चौकट कामाची नाही.

कार्डवाल्यांनीही फार खूश होऊ नये. फसव्या साइटवर कार्डाचा नंबर आणि ओटीपी दिलात, तर चोर तुमचं कार्ड *स्वतःच्या* फोनच्या पाकिटात घालतो आणि दुकानात जाऊन खुशाल टेकवतो. त्यामुळे ओटीपी टाकण्याआधी तो कशासाठी आलाय, ती ओळ पूर्ण वाचा.

आता घरचा विषय. २१ फेब्रुवारी २०२३ पासून पे-नाऊ आणि भारतातलं यूपीआय जोडलं गेलं, त्यामुळे पुण्या-नाशिकला आईला पैसे पाठवणं सोपं झालं. तिला मात्र एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: पैसे *घेण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही. "पैसे जमा करतो, पिन टाका" म्हणणारा माणूस पैसे काढणाराच असतो.

आमच्या घरी वाटणी अशी आहे. ऑनलाइन खरेदी, विमानाची तिकिटं, हॉटेल, म्हणजे जिथे माल नंतर मिळणार, तिथे क्रेडिट कार्ड. दुकानात तेच कार्ड फोनमधून. पे-नाऊ फक्त ओळखीच्या माणसाला किंवा समोर उभ्या दुकानदाराला, आणि स्क्रीनवर येणारं नाव वाचल्याशिवाय नाही. पे-नाऊच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. बाकीची रक्कम कुलूपबंद. २०२३ च्या शेवटी इथल्या तिन्ही मोठ्या बँकांनी ही सोय दिली, ते पैसे फोनवरून हलवताच येत नाहीत. व्यवहार मर्यादाही ॲपमध्ये जाऊन कमी करता येते, दोन मिनिटांचं काम आहे.

संशय आला तर १७९९ हा नंबर चोवीस तास चालू असतो. पैसे गेलेच असतील तर आधी बँकेच्या हॉटलाइनवरून किंवा ॲपमधून खातं गोठवा, पोलिसांकडे त्यानंतर जा.