थोडे कपडे, पुष्कळ जोड

श्रोतेहो, सुटीच्या दिवशी अंगावर काय घालावे, हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय झाला, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणत असे. पण एका रविवारी माझा वर्ग घेऊन कान्हेरीची लेणी पाहायला गेलो, तेव्हा एक चांगला अभ्यासू मुलगा आलाच नाही. सोमवारी विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "सर, सहलीला घालण्यासारखे कपडे नव्हते." कपडे होते हो! चांगले दोन जोड होते. पण ते वर्गाने रोज पाहिलेले. एका नव्या सदऱ्यापायी त्याची लेणी हुकली. खेड्यात जत्रा, लग्न, सहल निघाली की हेच घडते. आणि पुष्कळदा बाप उसने काढून कपडे घेतो.

गंमत अशी, की त्या मुलाच्या अडचणीचे उत्तर त्या लेण्यांतच होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काळ्या कातळात शंभरावर लेणी कोरलेली आहेत. तेथे कित्येक शतके बौद्ध भिक्षू राहत. त्यांच्या नियमाप्रमाणे एका भिक्षूला ३ चीवरे, म्हणजे वस्त्रे: कमरेचे अंतरवासक, अंगावरचे उत्तरासंग आणि वर पांघरायची दुहेरी संघाटी. कपड्याला पैसा तेव्हाही लागेच. कान्हेरीच्या एका शिलालेखात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी १६ कार्षापणांची तरतूद आहे. त्याच देणगीत मंगलस्थान गावचे शेतही आहे. हे गाव म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात.

आता ३ हाच आकडा का? विनयपिटकात हकिगत आहे. कडाक्याच्या थंडीत वैशालीजवळ बुद्ध एक वस्त्र घेऊन रात्री उघड्यावर बसले. रात्रीचा पहिला भाग सरल्यावर थंडी वाजली. दुसरे वस्त्र घेतले. मधला भाग सरल्यावर तिसरे, पहाटे चौथे. मग थंडी भागली. संघाटी दुहेरी, म्हणून तीन चीवरांत नेमके हे चार पदर होतात. म्हणजे आधी गरज मोजली, मग संख्या ठरवली. आपण आधी दुकानात शिरतो आणि गरज मागाहून शोधतो.

हा विचार पुढे बाजारातही आला. १९७० च्या दशकात लंडनमध्ये सूझी फो या दुकानदार बाईंनी एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांच्या संचाला 'कॅप्सूल वॉर्डरोब' हे नाव रूढ केले. नाव नवे, हिशेब मात्र तिसरीतल्या मुलालाही येईल.

समजा, २ विजारी आणि ३ सदरे आहेत. कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर शोभत असेल, तर तीन दुणे सहा जोड झाले. आणखी एक सदरा घेतलात, तर जोड ८ होतात. त्याऐवजी तिसरी विजार घेतलीत, तर ९. पण नवा सदरा एवढा भडक असेल, की एकाच विजारीवर चालेल, तर पैसे पूर्ण गेले आणि जोड एकच वाढला! म्हणून विजारी साध्या रंगाच्या ठेवा: करडी, गडद निळी, खाकी. रेघा नि चौकड्यांची हौस सदऱ्यावर भागवा. बहिणींनी २ सलवारी नि ३ कुर्ते यांना हाच नियम लावावा. साडी नेसणाऱ्यांनी ३ साड्यांवर चालतील अशी २ पोलकी ठेवावी. तेथेही सहाच जोड होतात.

कापडही पाहून घ्या. उपनगरातली हवा दमट. पावसाळ्यात अंधेरी-घाटकोपरच्या खोलीत दोरीवर टाकलेली जाड जीन दुसऱ्या दिवशीही ओलसर लागते. कारण जाड सूत पुष्कळ पाणी धरते आणि दमट हवा ते लवकर उचलत नाही. पातळ, सुती-पॉलिएस्टर मिश्र सदरा रात्री धुऊन पंख्याखाली टांगला, तर बहुधा सकाळी घालता येतो. निव्वळ पॉलिएस्टर त्याहून लवकर वाळते, पण घाम टिपत नाही. लोकलच्या गर्दीत ते अंगाला नकोसे होते. शनिवारी निघून रविवारी परतायचे असेल, तर अंगावर एक जोड, पिशवीत एक सदरा, एक पंचा आणि हवेप्रमाणे स्वेटर किंवा विंडचीटर, एवढे पुरे.

आणि कपडा जुना झाला, म्हणजे संपला नाही. आनंद या भिक्षूने उदयन राजाला सांगितले होते, की जुन्या चीवरांची आम्ही पांघरुणे करतो, मग अंथरुणे, मग पायपुसणी, शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवतो. आपल्या आजीची गोधडी याच जातीची.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सहलीच्या सूचनेत 'चांगले कपडे घालून यावे' असे लिहू नका. मी पुढच्या वर्षी लिहिले, 'रोजचे, धुतलेले कपडे. पायात न घसरणारी वहाण.' तो मुलगा आला. अंगावर तोच निळा सदरा होता, आणि शिलालेखापाशी सर्वांत जास्त वेळ तोच थांबला.