तबकडीखालची जमीन

१९८० सालच्या सप्टेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, किंगोवर या लहानशा गावानजीक, केव्हिन हिलियर यांच्या हातातील धातुशोधक यंत्राने इशारा दिला. त्यांनी जमीन उकरली, आणि सत्तावीस किलोंहून अधिक वजनाचा सोन्याचा अखंड गोळा त्यांच्या हाती आला. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. १८५१ सालापासून ज्या मुलखाची जमीन सोन्यासाठी हजारो माणसांनी उलटीपालटी केली, त्याच मुलखात हा गोळा हातभरही खोल नसताना आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे पडून राहिला, ही गोष्ट नवे यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्याने मनाशी नीट घोळवावी. कारण दुकानात शिरणारा ग्राहक बहुधा पहिला प्रश्न खोलीचा विचारतो, आणि माझ्या मते तो प्रश्न पुष्कळच नंतरचा आहे. आधी जमीन पाहावी: ती कोठली आहे, तिच्यात लोह किती, क्षार किती, आणि तिच्यावर आपला हक्क कोणता.

यंत्राची मूळ घडण दुर्बोध नाही. दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. एका वेटोळ्यातून सतत पालटणारा विद्युत्प्रवाह वाहू लागला की तबकडीखाली चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली म्हणजे तिच्यात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे प्रतिक्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात उमटते, आणि ते कितपत विलंबाने उमटले यावरून यंत्र धातूच्या जातीचे अनुमान बांधते. याच तत्त्वाच्या आधारे १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी शोधून पाहिली. त्यांना यश आले नाही; शय्येतील पोलादी तारांनी यंत्राला चकविले, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. तेव्हा शय्येने जे केले, तेच आज लोहयुक्त माती करते. तांबड्या मातीतील लोहकण स्वतःच प्रतिसाद देऊ लागतात आणि खरा ध्वनी त्या कोलाहलात बुडून जातो. म्हणून ज्या यंत्रात जमिनीचा हा प्रतिसाद वजा करण्याची, म्हणजे भूमिसंतुलनाची, चांगली तजवीज नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता शोध कशाचा, हे ठरवावे. नाण्यांसाठी सेकंदाला पाच ते पंधरा हजार कंपनांवर चालणारे साधे यंत्र पुरेसे होते. तांब्या-चांदीचे नाणे वीतभर खोलीवरून स्पष्ट बोलते. दागिन्यांचे प्रकरण मात्र निराळे आहे. सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचा प्रतिसाद इतका सारखा असतो की, कचरा वगळण्याची जी सोय विक्रेता मोठ्या अगत्याने दाखवितो, तीच सोय अंगठीलाही वगळते. ज्याला दागिने हवेत त्याने दहा कड्या उकरण्याची तयारी ठेवावी. तो समुद्रकिनाऱ्यावर फिरणार असेल तर ओल्या वाळूतील खारे पाणी स्वतःच विद्युद्वाहक असल्यामुळे एकाच कंपनसंख्येचे यंत्र तेथे गोंधळते. एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारे आणि पाण्याने न बिघडणारे यंत्र तेथे घ्यावे.

भूगर्भातील नैसर्गिक सोने शोधणाऱ्याची वाट सर्वांत खडतर. सोन्याचा कण लहान असला की त्यातील प्रवाह निमिषार्धात विझतात, आणि ते टिपण्यासाठी कंपनसंख्या वाढवावी लागते. फिशर कंपनीचे ‘गोल्ड बग २’ एकाहत्तर हजारांवर आणि मायनलॅबचे ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ पंचेचाळीस हजारांवर चालते, ते याच कारणास्तव. परंतु व्हिक्टोरियातील लोहखनिजयुक्त जमिनीत, विशेषतः खोलवरच्या मोठ्या गोळ्यांसाठी, जाणकार स्पंदनपद्धतीच्या यंत्राकडे वळतात. ते क्षणिक धक्का देऊन थांबते आणि मधल्या शांततेत कान देते, म्हणून माती त्याला तितकीशी फसवीत नाही. पण लोखंडी खिळा आणि सोने यांतील भेद त्याला नीट कळत नाही आणि त्याची किंमतही भारी असते. धूलिरूप सोने मात्र यांपैकी कोणतेच यंत्र दाखवीत नाही. सराफकट्ट्याच्या गटारातील माती धुऊन कण न् कण वेगळा करणारा आपला झारेकरी ज्या विद्येने पोट भरतो, तीच विद्या तेथे उपयोगी पडते.

नवशिक्याला माझी शिफारस अशी, की अनेक कंपनसंख्यांचे, वजनाने हलके आणि मध्यम आकाराच्या तबकडीचे यंत्र घ्यावे, कानाला लावण्याच्या हेडफोनमध्ये काटकसर करू नये, आणि सोन्याकरिता स्वतंत्र यंत्राचा खर्च वर्षभराच्या अनुभवानंतरच करावा. मोठी तबकडी खोल जाते खरी, पण बारीक वस्तू तिच्या नजरेतून निसटतात.

हक्काचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. १८५४ सालच्या युरेका येथील खाणकामगारांच्या उठावानंतर, पुढच्याच वर्षी, तो अस्तित्वात आला. मेलबर्नमधील मराठी मंडळींपैकी ज्यांना बेंडिगो-बॅलराटच्या रानात हिंडावयाचे असेल त्यांनी तो यंत्राआधी काढावा आणि उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवावा. इंग्लंडमध्ये १९९२ साली हॉक्स्न गावी शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना एरिक लॉज यांना रोमन नाण्यांचा प्रचंड निधी लागला, तेव्हा त्यांनी खणणे थांबवून वर्दी दिली. म्हणूनच पेटीतील वस्तू कशा रचल्या होत्या हेही पुरातत्त्वज्ञांना पाहावयास मिळाले.

आपल्याकडे तर हा विवेक अधिकच अगत्याचा आहे. नाणे कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होते, ही माहिती उकरणाऱ्याच्या हातून एकदा गेली की ती कोणालाही परत आणता येत नाही. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, हे यंत्र घेऊन आपल्या गडकोटांवर कोणी जाऊ नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे, आणि अन्यत्रही जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये त्याची लेखी खबर कलेक्टरांना द्यावी लागते.