चोर एकदा येतो, भीती मुक्कामी राहते

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की पोलिसांचे आवाहन ठरलेले : दागिने लॉकरमध्ये ठेवा, बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना सांगा. पाठोपाठ ‘कडीकोंडा तोडून लाखोंचा ऐवज लंपास’ ही बातमीही ठरलेली. चोरी एका घरात होते. गुन्हा दाखल होतो, पंचनामा होतो. त्याच ले-आऊटमधली बाकीची घरे त्या रात्रीपासून कशी झोपतात, याची नोंद मात्र कोणत्याच ठाण्यात होत नाही.

अमरावतीत कठोरा नाका, रहाटगावकडच्या वस्त्या घ्या, अकोल्यात कौलखेड, खडकी, मलकापूर घ्या, चित्र सारखेच. दिवेलागणीला चॅनल गेटला कुलूप लागते. नात्यातल्या लग्नाला जायचे तर नवरा-बायकोंपैकी एकाने घर राखायचे. पोरे पुण्याला नोकरीत, इथे दोघेच म्हातारे. शेजारचा प्लॉट कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला. त्यावर बाभळी माजलेल्या. एकेकाळी अकोल्याच्या उन्हाळ्यात अख्खी गल्ली अंगणात, गच्चीवर खाटा टाकून झोपायची. आता खिडकीत कूलर, आत माणसे बंद आणि त्या घरघरीत दार वाजले तरी ऐकू येत नाही. गच्ची कूलरने सोडवली की भीतीने, हे सांगणे कठीण. पण रस्त्यावरची जागी माणसे गेली, हे खरे.

सोने तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यापासून पहाटे फिरायला जाणाऱ्या बायका एक ग्रॅमची पोत घालतात. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून हिसकावून नेण्याला ३०४ हे वेगळे कलम मिळाले, पण कलमाने गळ्यावरचा हात हटत नाही. खोटी पोत घातली तर मग भीती कसली, असे विचारल्यावर कौलखेडच्या एका काकूंनी सुनावले, “बाप्पा, हे खोटी हाय हे मले मालूम, चोराले थोडीच मालूम?” सगळा पेच या एका वाक्यात आला. नुकसान टाळता येते, झटापट टाळता येत नाही.

भीतीपोटी भिंत बांधणे अमरावतीला नवे नाही. पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शहराभोवती परकोट उभा राहिला. त्याच्या वेशींची नावे, नागपुरी गेट आणि खोलापुरी गेट, आज पोलीस ठाण्यांना आहेत. पण तो परकोट साऱ्या पेठेचा एक होता. आज प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र परकोट आहे, वर काचांचे तुकडे रोवलेला. सहा फुटी कंपाउंड एकदा ओलांडले की चोर रस्त्यावरून दिसतच नाही, हे बांधताना कुणी लक्षात घेत नाही.

यावर उतारा काय? मला सर्वांत पटलेला प्रयोग अमेरिकेतल्या नेवार्क शहरातला आहे. १९७८-७९ मध्ये तिथे काही भागांत पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीवर धाडले. पोलीस फाउंडेशन या संस्थेचा अहवाल १९८१ मध्ये आला. निष्कर्ष चक्रावणारा होता : गुन्हे कमी झाले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. या अभ्यासातले जॉर्ज केलिंग यांनी पुढच्याच वर्षी जेम्स विल्सन यांच्यासोबत ‘ब्रोकन विंडोज’ हा गाजलेला लेख लिहिला. जगाने फुटक्या खिडक्यांचा धडा उचलला, किरकोळ गुन्ह्यांवर बडगा उगारला आणि पायी चालणारा शिपाई विसरून गेले. वास्तविक नेवार्कचा खरा बोध तोच होता : भीती हे स्वतंत्र दुखणे आहे, त्याला स्वतंत्र औषध लागते.

आपल्याकडे ते औषध म्हणून सीसीटीव्ही विकला जातो. चोरी झाल्यावर तपासाला तो उपयोगी, यात वाद नाही. पण रात्री दोनला कुत्रे गेटसमोरून गेले तरी मोबाईल वाजतो, आणि जो सुखाने झोपला असता तो पडद्यावरची सावली निरखत बसतो. सकाळी तीच सावली कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रेकी करणारी टोळी’ होते.

आणि या भीतीची किंमत नेहमी कॉलनीच भरते असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षेवर जगणारे डवरी गोसावी होते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या फासेपारध्यांचे बेडे आपल्या वऱ्हाडातही आहेत. कायदा १९५२ मध्ये गेला. संशय गेला नाही.

आता पुन्हा आपल्या वस्त्यांकडे. अकोला महापालिकेच्या हद्दीत २०१६ मध्ये २४ गावे आली. कर आकारताना ही हद्द बरोबर दिसते. पथदिवा लावताना, मोकळ्या प्लॉटवरचा झाडोरा काढायला मालकाला नोटीस देताना ती धूसर होते. नव्या वस्त्यांची भीती निम्मी तरी इथेच आहे. उरलेली निम्मी ठाणेदारांच्या हातात आहे. सायरन वाजवत जाणारी गाडी लोकांना काहीतरी घडल्याचे सांगते. रोज सायंकाळी पायी येऊन दोन शब्द बोलणारा बीट अंमलदार उलटा निरोप देतो. कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढणाऱ्या कॉलनीने आधी आपल्या बीट अंमलदाराचे नाव विचारावे. कुणालाच सांगता आले नाही, तर वर्गणी थांबवून सगळ्यांनी मिळून ठाण्यात जावे आणि पायी गस्त मागावी. ही मागणी कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे.