घमेल्यांची साखळी

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात दुपारी पारा ४५ अंशांना टेकतो. म्हणून मूल तालुक्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर श्रमसंस्कार छावणी भरली की उजाडता उजाडताच कुदळी, फावडी, घमेली बाहेर निघतात.

खड्ड्यापासून बांधापर्यंत रांग लागते. भरलेलं घमेलं उजवीकडून येतं, डावीकडे जातं. सुरुवातीला माती पायांवर सांडते, कारण जो तो आपल्याच वेगानं ओढत असतो. मग हळूहळू लय सापडते. मुंबईची इंजिनिअरिंगची मुलगी, मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराचा मुलगा, नागपूरचा वकिलीचा विद्यार्थी. ‘धर’, ‘सोड’, ‘थांब जरा’ एवढ्या भाषेवर त्यांचं तासभर भागतं. आडनाव विचारायला उसंत नसते.

व्याख्यानं आणि गाणी नंतर. हा क्रमच छावणीचा खरा कणा आहे. विचार पटवून मग कामाला लावायचं ठरलं असतं, तर आधीच पटलेलेच लोक आले असते.

सोमनाथ प्रकल्प उभारणाऱ्या बाबा आमट्यांना हे आधीच वरोऱ्यात उमगलं होतं. तिथे त्यांची कुष्ठरुग्णांची वसाहत, आनंदवन, उभी राहिली तेव्हा या रुग्णांनी पिकवलेली भाजी गावकरी विकत घेत नसत. १९५०च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी तरुण तिथे मुक्कामाला आले, रुग्णांसोबत राबले, जेवले, इमारती बांधल्या. ते बघून गावाची भीड चेपली. पुढे आनंदवनातच कॉलेज निघालं आणि गावातली मुलं तिथे शिकायला येऊ लागली. सोमनाथची छावणी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, ती याच अनुभवाच्या बळावर.

सोमनाथची शेती फुलवली ती कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी. छावणीत यजमान तेच. घरून ‘जपून राहा’ असं बजावून पाठवलेल्या मुलांसमोर पहिल्या दिवशी त्यांच्या कष्टाचा भात येतो. काहींचा हात ताटावर क्षणभर थबकतो, आणि मग सगळेच जेवतात.

तरीही एक उणीव सलते. रोजच्या मजुरीवर ज्याचं घर चालतं, त्याला आठवडाभर बिनपगारी घाम गाळणं परवडत नाही. ऊसतोड कामगाराचा मुलगा येऊ शकतो. त्याचा बाप येऊ शकत नाही. सर्वांना दार उघडं ठेवायचं, तर या बापाचाही विचार करायला हवा.

संध्याकाळी नळापाशी मुली एकमेकींना तळहातावरचे फोड दाखवतात. शेजारी एक वयस्क मावशी आपला हात उजेडात धरून बोट न् बोट निरखत असते. कुष्ठरोगानं नसा निकामी झाल्या की कापलं, भाजलं तरी कळत नाही. म्हणून रोज डोळ्यांनी तपासावं लागतं. तपासून झाल्यावर ती मुंबईच्या मुलीला म्हणते, “दाखव बाई तुझा.” फोडावर फडक्याची पट्टी बांधते, गाठ दातांनी ओढून घट्ट करते.

“उद्या फावडं नको धरू. माझ्या शेजारी उभी राहा, घमेलं घ्यायला.”