तीन वर्षांची वस्ती

‘तोत्तोचान’ वाचलेली माणसं मराठी घरांत पुष्कळ आहेत. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणाची ही हकीकत १९८१ साली लिहिली. मराठीत आल्यावर ती शिक्षकांच्या आणि पालकांच्या हातोहात फिरली. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा आणि एका लहान मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी आपल्याला घरचेच वाटू लागले. डिसेंबर २०२३ मध्ये या पुस्तकावर जपानमध्ये ॲनिमे चित्रपट आला. दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा, आणि स्टुडिओ शिन-एइ ॲनिमेशन. आपल्याकडच्या मुलांना हिंदीतून तोंडपाठ झालेला ‘डोरेमॉन’ही याच स्टुडिओचा. आजीने पुस्तकात वाचलेली शाळा आणि नातवाने पडद्यावर पाहिलेली शाळा, दोन्ही एकाच घरात रंगल्या.

या योगायोगाने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला. ॲनिमेत इतक्या शाळा का? जादूगार, भुतं पाहणारी मुलं, यंत्रमानव चालवणारी मुलं, व्हॉलीबॉलपटू, गिटार वाजवणाऱ्या मुली, सगळे सकाळी शाळेच्या दारात बूट बदलतात आणि वर्गात जाऊन बसतात. ‘सेलर मून’ची (१९९२) नायिका जगाचं रक्षण करते आणि परीक्षेत नापासही होते. ‘इव्हँजेलियन’मध्ये (१९९५) जगाचा अंत जवळ आलेला असतो, तरी चौदा वर्षांच्या मुलांचा वर्ग भरतोच.

नेहमीचं उत्तर असं, की पाहणारे विद्यार्थी, म्हणून नायकही विद्यार्थी. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. मध्यरात्रीनंतर लागणाऱ्या मालिका पाहणाऱ्यांत शाळा सोडून वीस वर्षं झालेली माणसंही असतात. त्यांना पुन्हा बाकावर का बसावंसं वाटतं? माझं उत्तर असं आहे: जपानी समाजात बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला आलेली एकच जागा म्हणजे शाळा, आणि तिथून प्रत्येकाला ठरलेल्या दिवशी निघावं लागतं. गोष्टीला याहून जास्त काय लागतं?

सगळ्यांच्या वाट्याची जागा

शाळेच्या गोष्टी ॲनिमेने शोधलेल्या नाहीत. नोबुको योशिया यांच्या, मुलींच्या शाळांतल्या मैत्रीभोवती फिरणाऱ्या ‘हाना मोनोगातारी’ या कथा १९१६ पासून मासिकांत येत होत्या. मात्र तेव्हा मुलींचं माध्यमिक शिक्षण थोड्या घरांनाच परवडत होतं. वाचणाऱ्या कित्येकींसाठी ती शाळा दूरचं स्वप्न होती.

युद्धानंतर चित्र पालटलं. १९४७ च्या कायद्यांनी सहा वर्षं प्राथमिक, तीन वर्षं मध्यम आणि तीन वर्षं उच्च माध्यमिक अशी रचना आणली. १९५० मध्ये शंभरातली ४३ मुलं उच्च माध्यमिक शाळेत पोहोचत होती. १९७४ मध्ये हा आकडा नव्वदच्या पुढे गेला. एका पिढीच्या आत शाळा हा जवळजवळ सगळ्या देशाचा अनुभव झाला. प्रवेश परीक्षेमुळे चांगल्या-वाईट शाळांची उतरंड राहिलीच. पण गणवेश, एप्रिलमधला प्रवेश समारंभ, क्रीडादिन, सहल यांचा साचा होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत एकच. लेखकाने ‘शाळेची गच्ची’ एवढंच म्हटलं तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे जाळीचं कुंपण उभं राहतं.

शिवाय तिथली शाळा घंटा झाली की सुटत नाही. मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात. मग ‘बुकात्सु’, म्हणजे शाळेतल्या मंडळांचे उद्योग सुरू होतात: बेसबॉल, वाद्यवृंद, नाटक, सुलेखन. वर्षातून एकदा ‘बुंकासाइ’ हा सांस्कृतिक महोत्सव होतो आणि वर्गावर्गांत चहाची दुकानं, भुताची घरं थाटली जातात. मुलाचा सगळा दिवस, कधी सुट्टीचाही, शाळेत जातो. आईवडील कामावर, शिक्षक शिक्षकांच्या खोलीत, आणि मधल्या वेळात मुलं एकमेकांच्या हवाली. मालिकांमधलं खरं नाट्य बहुतेकदा याच मधल्या वेळात घडतं.

कागदाचा हिशेब

यात खर्चाचाही भाग आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ने १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्याच्या ॲनिमेचा पायंडा पाडला, तो कमी चित्रांत भागवून आणि काढलेली चित्रं पुन्हा वापरून. या काटकसरीला शाळा फार सोयीची. वर्ग, जिना, व्हरांडा एकदा रंगवला की पूर्ण मालिका त्यावर निघते. गणवेशामुळे रोज नवा पोशाख काढावा लागत नाही. मग पात्रं ओळखायची कशी? केसांच्या रंगावरून आणि ठेवणीवरून. गुलाबी आणि निळे केस पाहून आपल्याला जे नवल वाटतं, त्याची निम्मी मुळं गणवेशात आहेत.

कालगणनाही जुळते. जपानी दूरचित्रवाणीचे हंगाम तीन-तीन महिन्यांचे, त्यातला एक एप्रिलमध्ये उघडतो. सरकारी आर्थिक वर्ष १८८६ पासून एप्रिलला सुरू झालं आणि शाळांनीही हळूहळू तोच महिना धरला. तोक्योत साकुरा फुलते मार्च अखेरीस. त्यामुळे निरोप आणि प्रवेश दोन्ही एकाच बहराच्या आगेमागे. आपल्याकडे शाळा म्हटली की जूनचा पाऊस आणि नव्या वह्यांचा वास आठवतो. तिकडे ते काम या पाकळ्या करतात. तारुण्याला जपानीत ‘सेइशुन’ म्हणतात. त्यातल्या दोन अक्षरांचा अर्थ ‘निळा-हिरवा वसंत’ असा आहे.

मार्चमध्ये संपणारी गोष्ट

शाळेचं वर्ष गोष्टीच्या हाडामांसात किती भिनलेलं असतं, हे पाहायचं तर ‘डोरेमॉन’कडेच यावं. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा जानेवारी १९७० च्या अंकांपासून शोगाकुकान प्रकाशनाच्या मासिकांत सुरू झाली. या मासिकांची नावंच ‘प्राथमिक पहिली’, ‘प्राथमिक दुसरी’ अशी. वाचक पुढच्या इयत्तेत गेला की मासिकही बदलायचं. फुजिको एकाच महिन्यात वेगवेगळ्या वयांसाठी वेगवेगळे भाग काढत. सुरुवातीला पाचवीच्या मासिकात ही कथा येत नव्हती. म्हणून मार्च १९७१ मध्ये चौथीच्या वाचकांसाठी त्यांनी शेवटचा भाग लिहिला. ती मुलं आता जाणार होती. मार्च १९७४ मध्ये तिसरीच्या मासिकात डोरेमॉनने नोबिताचा पुन्हा निरोप घेतला. त्याच मुलांनी एप्रिलमध्ये चौथीचं मासिक उघडलं, तर तो परत आलेला होता. मला ही हकीकत फार मोलाची वाटते. वाचक मोठा होतोय याची लेखकाला दर महिन्याला जाणीव होती.

उच्च माध्यमिक शाळेत ही मुदत आणखी टोचते. तिथे वस्ती तीनच वर्षांची. शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ पासून भरते आणि १९२४ पासून तिचं घर निशिनोमियाचं कोशिएन मैदान आहे. उन्हाळी स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरला की तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा शालेय खेळ तिथेच संपतो. हरलेली मुलं मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. मित्सुरु आदाची यांची ‘टच’ या कोशिएनच्या ओढीवर उभी आहे. ‘स्लॅम डंक’मधलं बास्केटबॉल आणि ‘हाइक्यू’मधलं व्हॉलीबॉल यांनाही हाच काटा टोचतो: या संघाबरोबर पुन्हा खेळता येणार नाही. ‘हिबिके! युफोनियम’ ही क्योतो ॲनिमेशनची मालिका २०१५ मध्ये सुरू झाली. उजी गावातल्या शाळेच्या वाद्यवृंदात नवखी आलेली कुमिको तिसऱ्या वर्षाला पोहोचायला २०२४ उजाडलं. तिची तीन वर्षं पाहता पाहता प्रेक्षकांची नऊ गेली.

रिकामा बाक

सगळ्यांची जागा म्हटली की तिथे न मावणाऱ्यांचं काय, हा प्रश्न येतोच. चांगल्या ॲनिमेने तो टाळलेला नाही. नाओको यामादा यांच्या ‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये (२०१६) एका कर्णबधिर मुलीला प्राथमिक शाळेत छळलं जातं. पुढे छळणारा मुलगाच वाळीत पडतो आणि त्याला आसपासच्या प्रत्येक चेहऱ्यावर फुली दिसू लागते. त्याआधी, २०१३ मध्ये, जपानला शाळांतल्या छळाविरुद्ध कायदा करावा लागला होता. मिझुकी त्सुजिमुरा यांच्या कादंबरीवरचा ‘लोनली कॅसल इन द मिरर’ (२०२२) तर शाळेपासून तुटलेल्या सात मुलांचा. आरशापलीकडचा किल्ला त्यांना शाळेच्या वेळेत आसरा देतो. २०२३-२४ मध्ये शाळेत न जाणाऱ्या प्राथमिक आणि मध्यम शाळांतल्या मुलांची संख्या ३ लाख ४६ हजार होती.

दुसरीकडे मुलंच कमी होत चालली आहेत. २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजारांच्या आसपास शाळा बंद झाल्या. शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावात १९३७ सालची, वास्तुविशारद व्होरिस यांनी बांधलेली प्राथमिक शाळा आहे. तिच्या जिन्याच्या कठड्यावर ससा आणि कासव यांच्या पितळी मूर्ती आहेत. ही इमारत पाडायची ठरलं होतं. गावकऱ्यांच्या विरोधामुळे ती वाचली. पुढे ‘के-ऑन!’ (२००९) या मालिकेतल्या शाळेला तिचं रूप मिळालं. आता तिथे मुलांचे वर्ग भरत नाहीत. दुरून आलेली मोठी माणसं जिना चढतात, कासवाला हात लावतात आणि मालिकेतल्यासारखी चहाची मांडणी केलेल्या संगीताच्या खोलीत थोडा वेळ बसतात.

तोत्तोचानलाही पहिल्या शाळेने काढून टाकलं होतं. खिडकीशी उभी राहून ती बँडवाल्यांना हाक मारायची, म्हणून. तोमोएने तिला जागा दिली, आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात तोमोए जळाली. पुस्तकात कोबायाशी ती आग पाहत उभे आहेत आणि त्यांच्या मनात आहे ती पुढची शाळा. मराठीत आपण शाळा ‘काढतो’ आणि चित्रही ‘काढतो’. एका शब्दाने होणारी ही दोन कामं जपानी चित्रकार दर एप्रिलला एकत्र करतात. यंदाच्या एप्रिलला त्यांनी काढलेल्या शाळेत खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीला बसायला बाक आहे की नाही, एवढं मी आधी पाहीन.