मूल्यांकन अहवाल: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदियात राईस मिल वाढवायची असो, तिरोड्यात घरासाठी कर्ज काढायचे असो की आमगावात भावाभावांची वाटणी असो, मालमत्तेची किंमत ठरवायला व्हॅल्युअर, म्हणजे मूल्यांकनकार, लागतो. त्याच्या सहीवर बँकेचा पैसा आणि कुटुंबाची पुंजी, दोन्ही अवलंबून असतात. म्हणून त्याच्या कामाच्या मर्यादा प्रत्येकाला ठाऊक हव्यात.

गैरसमज 1: फी आपण देतो, तर आकडाही आपल्या सोयीचाच मिळायला हवा.
वस्तुस्थिती: फी कामाची असते, आकड्याची नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकारांसाठी 2017 च्या नियमांत आचारसंहिता आहे. ग्राहकाच्या सोयीचे मूल्यांकन करण्यास आणि व्यवहार जमला तरच मिळणारी फी घेण्यास ती मनाई करते. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 247 नुसार, ज्या मालमत्तेत आधीच्या तीन वर्षांत स्वतःचा हितसंबंध होता, तिचे मूल्यांकन करता येत नाही. फसवणुकीच्या हेतूने हे कलम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि 1 ते 5 लाख रुपये दंड होऊ शकतो.

गैरसमज 2: रेडी रेकनरचा दर म्हणजेच बाजारभाव.
वस्तुस्थिती: रेडी रेकनर मुख्यतः मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. एकाच गावात मालगुजारी तलावाच्या पाण्यावर भिजणारी धानाची बांधी आणि पावसाच्या भरवशावरची बांधी यांना गिऱ्हाईक सारखा भाव देत नाही. प्रामाणिक व्हॅल्युअर जागा पाहतो, परिसरातले अलीकडचे नोंदणीकृत व्यवहार तपासतो आणि आकड्यामागचे कारण लिहितो.

गैरसमज 3: रस्त्यालगत जमीन आहे, कागद कशाला पाहायचे?
वस्तुस्थिती: गोंदियासह पूर्व विदर्भात सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. त्या वनजमिनीच मानल्या जातील, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी स्पष्ट केले. भोगवटादार वर्ग 2 आणि आदिवासी खातेदारांच्या जमिनींच्या हस्तांतरणावरही बंधने आहेत. अशी नोंद दिसूनही मोकळ्या प्लॉटचा भाव लावणे म्हणजे बँकेची आणि खरेदीदाराची दिशाभूल आहे. मात्र मालकी हक्काचा शोध हे वकिलाचे काम. व्हॅल्युअरची सही म्हणजे मालकीची हमी नव्हे.

गैरसमज 4: किंमत वाढवून लिहिली तर कर्जदाराचे भलेच होते.
वस्तुस्थिती: वाढीव किमतीवर झेपणार नाही एवढे कर्ज मिळते. हप्ते थकले की सरफेसी कायद्याखाली बँक मालमत्ता लिलावात काढते. तिथे बोली खऱ्या बाजारभावाने लागते. घर जाते आणि उरलेली बाकीही डोक्यावर राहते.

अहवाल हाती आला की पाच गोष्टी वाचा: मूल्यांकनाचा उद्देश, पाहणीची तारीख, वापरलेली पद्धत, तुलनेसाठी घेतलेले व्यवहार आणि गृहीतके. यातले काही नसेल तर विचारा. आणि आकडा वाढवून द्या, असा आग्रह कोणत्याही व्हॅल्युअरकडे धरू नका. त्या आकड्याची किंमत शेवटी आपल्यालाच मोजावी लागते.